नावाआधी गाव शोधा: कष्टकरी पूर्वजाच्या शोधासाठी फॅमिलीसर्च

हातावर पोट असलेल्या माणसाचा पूर्वेतिहास शोधू पाहणाऱ्याला पहिली अडचण अशी येते, की त्या माणसाने स्वतःहून मागे फारसे काही ठेवलेले नसते. मृत्युपत्र नसते, खरेदीखत नसते, पत्रव्यवहार नसतो. तो कागदावर येतो तो दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी: सरकारला माणसे मोजायची असतात, चर्चला लग्न लावायचे असते, मालकाला मजुरीचा हिशेब ठेवायचा असतो, पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या कारभाराला, त्याला पोसण्याची जबाबदारी शेजारच्या पॅरिशवर ढकलायची असते, नाहीतर न्यायाधीशाला त्याला शिक्षा सुनवायची असते. त्यामुळे अशा पूर्वजाच्या शोधासाठी कोणतेही साधन जोखताना मी एकच निकष लावतो: परक्या हातांनी केलेल्या या नोंदींपर्यंत ते आपल्याला किती जवळ नेते. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळाचे प्रस्तुत परीक्षण त्याच निकषावर केलेले आहे. उदाहरणे मी मुख्यतः इंग्लंड आणि वेल्समधली घेतली आहेत, कारण कारखान्यात, खाणीत आणि शेतावर राबणाऱ्या सामान्य माणसाच्या नोंदींची साखळी तिथे बऱ्यापैकी सलग टिकली आहे आणि तिच्यावर साधनाची परीक्षा नीट घेता येते.

आधी या सेवेचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. फॅमिलीसर्चचे मूळ १८९४ साली अमेरिकेतील युटा येथे स्थापन झालेल्या वंशावळ संस्थेत आहे, आणि आजही ही सेवा लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्यांना आपण मॉर्मन म्हणून ओळखतो, त्या चर्चच्या खर्चाने चालते. या संस्थेने १९३८ पासून देशोदेशींच्या चर्चमधील, न्यायालयांतील आणि दफ्तरखान्यांतील नोंदवह्यांचे मायक्रोफिल्मवर चित्रीकरण सुरू केले, आणि सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात ग्रॅनाइट खोदून केलेल्या भांडारात त्या फिती जतन केल्या. संकेतस्थळ १९९९ मध्ये सुरू झाले, फिती उसन्या देण्याची जुनी पद्धत २०१७ मध्ये थांबली, आणि सुमारे २४ लाख फितींचे संगणकीय प्रतींत रूपांतर करण्याचे काम २०२१ मध्ये पूर्ण झाले. वापरण्यासाठी खाते उघडावे लागते. त्याला पैसे पडत नाहीत. ज्याच्या शोधात आपण आहोत त्याच्याकडे पैसा नव्हता, आणि त्याच्या वंशजांपैकी अनेकांकडेही वर्षाकाठी वर्गणी भरण्याइतका तो नसतो, म्हणून मोफत असणे हा गुण मी इथे अगदी वरच्या क्रमांकावर ठेवतो.

संकेतस्थळ उघडताच समोर नाव, जन्मवर्ष आणि जन्मस्थळ विचारणारी चौकट येते. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि पुष्कळ जण तिथेच अडतात. जमीनदाराचे किंवा वकिलाचे नाव या चौकटीत टाकले तर उत्तर सापडण्याची शक्यता चांगली असते, कारण अशा माणसाचे नाव अनेक ठिकाणी, सारख्याच लेखनाने आणि पदवीसकट नोंदलेले असते. मजुराचे तसे नसते. ज्याला लिहितावाचता येत नव्हते त्याने आपले नाव तोंडी सांगितले, कारकुनाला ते जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले, आणि पुढच्या पॅरिशमधल्या कारकुनाने ते वेगळेच लिहिले. वयाचेही तेच आहे. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये खालच्या पाचाच्या पटीत उतरवावीत अशी सूचनाच होती, त्यामुळे तिथे पस्तीस लिहिलेला माणूस एकोणचाळीस वर्षांचाही असू शकतो. जन्मस्थळाच्या रकान्यात तो त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जन्मला की नाही, किंवा स्कॉटलंड, आयर्लंड अथवा परदेशात जन्मला का, एवढेच नोंदलेले असते. या नोंदीवरून नेमके जन्मवर्ष आणि नेमके गाव टाकून शोध घेणारा रिकाम्या हाताने परततो, आणि दोष मात्र पूर्वजाला देतो की त्याची नोंदच झाली नाही.

तरीही जनगणनेपासूनच सुरुवात करावी, आणि शक्य असेल तर १८८१ पासून. त्या वर्षाच्या ब्रिटिश जनगणनेची संपूर्ण सूची स्वयंसेवकांनी हाताने उतरवून काढली. ते काम या संस्थेने इंग्लंडमधील कुटुंबेतिहास मंडळांच्या महासंघाबरोबर केले आणि ती सूची आजही इथे मोफत पाहता येते. प्रत्येक ओळीत नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, विवाहित की अविवाहित, वय, व्यवसाय आणि जन्मस्थळ असते. समजा, लँकाशायरमधील एका गल्लीत राहणारा विणकर आहे. तो आयर्लंडमध्ये जन्मला आहे, त्याची बायको प्रेस्टनची, थोरली मुलगी प्रेस्टनची, मधला मुलगा ब्लॅकबर्नचा आणि धाकटा बर्नलीचा. मुलांची वये त्यांच्या जन्मगावांशेजारी मांडली की हे कुटुंब कोणत्या सुमारास कोणत्या गिरणीगावात होते, काम संपल्यावर किंवा मजुरी घटल्यावर ते कुठे सरकले, याचा नकाशा एकाच पानावर उभा राहतो. थोरल्या मुलीपुढे कापूस गिरणीतले एखादे काम लिहिलेले असते आणि धाकट्यापुढे शाळकरी. घरात कुणी भाडेकरू असेल तर तो बहुतेक वेळा त्याच गिरणीत काम करणारा किंवा बायकोच्या माहेरचा असतो, म्हणून त्याचेही जन्मगाव टिपून ठेवावे. बायकोच्या व्यवसायाचा रकाना पुष्कळदा कोरा असतो. तिने धुणी धुतली, इतरांची मुले सांभाळली किंवा घरी बसून शिवण केले तरी प्रगणकाला ते काम वाटेलच असे नव्हते, आणि कोऱ्या रकान्यावरून ती काही कमावत नव्हती असा निष्कर्ष काढणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

पुढच्या जनगणनांत प्रश्न वाढत गेले आणि ते वाढलेले प्रश्न गरिबांच्या इतिहासासाठी फार मोलाचे आहेत. १८९१ मध्ये घरात पाचांपेक्षा कमी खोल्या असतील तर किती, हे विचारले गेले. दोन खोल्यांत नऊ माणसे ही नोंद वाचली की अधिक वर्णनाची गरज उरत नाही. १९११ मध्ये लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, त्यांतली किती हयात आहेत आणि किती गेली, हे आकडे मागितले गेले. आधीच्या वर्षांच्या बाबतीत प्रगणकाने उतरवून घेतलेल्या वह्याच टिकल्या आहेत, पण १९११ चे घरोघरचे मूळ तक्ते शिल्लक आहेत, त्यामुळे त्यावर घरातल्याच कुणाचे तरी हस्ताक्षर असते. १९२१ च्या जनगणनेत तर मालकाचे नाव आणि कामाचे ठिकाणही आहे. त्यानंतर मोठी दरी आहे: इंग्लंड-वेल्सची १९३१ ची कागदपत्रे १९४२ मध्ये आगीत नष्ट झाली, १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही, आणि मधला आधार म्हणून सप्टेंबर १९३९ मध्ये तयार केलेली राष्ट्रीय नोंदवही तेवढी उरते.

इथे सेवेची एक मर्यादा नीट समजून घ्यावी लागते. इंग्लंडच्या बऱ्याच जनगणनांची सूची फॅमिलीसर्चवर मोफत आहे, पण मूळ पानाचे चित्र सशुल्क संकेतस्थळाकडे असते. चर्चच्या बऱ्याच नोंदवह्यांबाबत परिस्थिती वेगळी आहे: चित्र फॅमिलीसर्चकडे आहे, पण ते घरबसल्या उघडत नाही, त्यासाठी संस्थेच्या केंद्रावर किंवा संलग्न ग्रंथालयात जावे लागते. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली की हे बंधन आहे असे समजावे. मूळ नोंदवह्या ज्या दफ्तरखान्यांच्या किंवा चर्चच्या मालकीच्या आहेत त्यांच्याशी झालेल्या करारांतून ही बंधने येतात आणि त्या अटी बदलतही राहतात. केंद्र जवळ नसलेल्या माणसाला हे जाचक वाटणार यात शंका नाही. सूची पाहून समाधान मानण्याचा मोह मात्र आवरायला हवा. सूचीत नाव आणि तारीख येते; लग्नाच्या नोंदीतले साक्षीदार, समासातला शेरा आणि सहीच्या जागेची फुली मूळ पानावरच दिसते.

त्या फुलीविषयी थोडे सविस्तर लिहितो. इंग्लंडमध्ये १८३७ पासून विवाहाची नोंद ठरावीक रकान्यांत होऊ लागली: दिनांक, दोघांची नावे, वय, व्यवसाय, लग्नाच्या वेळचे राहण्याचे ठिकाण, दोघांच्या वडिलांची नावे आणि त्यांचे व्यवसाय. खाली वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या. ज्याला सही येत नाही त्याच्या नावाच्या मधोमध एक फुली असते आणि भोवती कारकुनाच्या अक्षरात ही अमुकची खूण आहे असे लिहिलेले असते. त्या संपूर्ण पानावर वराने स्वतःच्या हाताने उमटवलेली गोष्ट तेवढीच असते. रेघा कशा ओढल्या आहेत, शाई कुठे साकळली आहे, लेखणी धरण्याची सवय नसलेला हात कुठे थबकला आहे, हे चित्र मोठे करून पाहता येते, आणि फॅमिलीसर्चवर चित्र मोठे करण्याची सोय चांगली आहे. कधी वराची फुली असते आणि वधूची स्वच्छ सही. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना तर पुढच्या पिढीचे दारच उघडतो, कारण त्यावरून मजुराचा बापही मजूर होता, की तो हातमागावर विणणारा स्वतंत्र कारागीर होता आणि यंत्रमागांनी त्याच्या मुलाला गिरणीत आणले, हे समजते.

या सेवेचा खरा कस लागतो तो कॅटलॉगमध्ये, आणि माझ्या मते तिचे सर्वांत मोलाचे अंगही तेच आहे. कॅटलॉगमध्ये माणसाऐवजी ठिकाण शोधायचे असते. देश, काउंटी, मग पॅरिश किंवा शहर निवडले की त्या ठिकाणाविषयी जे जे चित्रित झाले आहे ते विषयवार समोर येते: चर्चच्या नोंदी, जनगणना, कर, व्यवसाय, न्यायालयाची कागदपत्रे, गरीब कायदा (निराधारांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर टाकणारा) आणि वर्कहाउस (निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणारी घरे). यांतील पुष्कळ वह्यांची नावनिहाय सूची झालेलीच नाही. पहिल्या पानावरच्या चौकटीला त्यांचा पत्ता नसतो. चित्रे एकामागून एक उलटून वाचावी लागतात. हे काम वेळखाऊ आहे, पण कष्टकरी माणूस बहुधा याच वह्यांत असतो. चर्चच्या नोंदवह्या इंग्लंडमध्ये १५३८ पासून सुरू होतात, आणि १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात वडिलांचा व्यवसाय आणि वस्ती लिहिणे सुरू झाले, म्हणून एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाचे दोन बाप असले तर त्यांना वेगळे करण्याचा तो सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

गरीब कायद्याच्या कागदांकडे नवखा संशोधक जात नाही, आणि ते साहजिकही आहे, कारण आपला माणूस भिकेला लागला होता हे वाचायला कुणाला आवडत नाही. परंतु १८३४ मध्ये हा कायदा बदलला, त्यापूर्वीच्या काळासाठी मजुराच्या स्वतःच्या तोंडची हकिकत सापडण्याची जागा हीच आहे. १६६२ च्या कायद्यानंतर मदत मागणाऱ्या माणसाची जबाबदारी कोणत्या पॅरिशची, हे ठरवावे लागे. त्यासाठी न्यायाधीशांपुढे त्याची शपथेवर जबानी होई: जन्म कुठला, कोणत्या वयात कुणाकडे चाकरीला लागला, किती काळ राहिला, मजुरी काय मिळाली, लग्न कधी झाले, मुले किती. अविवाहित मजुराने एखाद्या ठिकाणी वर्षभराच्या कराराने पूर्ण वर्ष चाकरी केली तर त्याला तिथल्या पॅरिशकडून मदत मिळवण्याचा हक्क मिळे, म्हणून चाकरीचा अवधी अगदी काटेकोरपणे विचारला जाई, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत नोकराला काढून टाकणाऱ्या मालकांची उदाहरणेही याच कागदांत दिसतात. एका पानाच्या या जबानीतून जेवढे आयुष्य कळते तेवढे जनगणनेच्या पाच नोंदींतून कळत नाही. ज्या पॅरिशचे असे कागद टिकले आहेत आणि चित्रित झाले आहेत, तिथला वंशज भाग्यवान म्हणावा लागेल. १८३४ नंतर वर्कहाउसच्या प्रवेश आणि निर्गमनाच्या वह्या सुरू होतात. त्यांत तारखांबरोबर आत येण्याचे कारणही आढळते, आणि हिवाळ्यात आत व सुगीच्या वेळी बाहेर अशी ये-जा दिसली तर शेतमजुराच्या वर्षाचे अर्थकारण आपोआप उलगडते.

कॅटलॉग वापरताना शेजारीच रिसर्च विकी, म्हणजे फॅमिलीसर्चवरचाच मार्गदर्शक माहितीकोश, उघडी ठेवावी. प्रत्येक काउंटीसाठी, आणि अनेक ठिकाणी प्रत्येक पॅरिशसाठी, कोणत्या नोंदी कधीपासून सुरू होतात, त्या कुठे आहेत आणि शेजारच्या पॅरिश कोणत्या, हे तिथे साध्या भाषेत दिलेले आहे. या भागाची फारशी चर्चा होत नाही, ती व्हायला हवी.

अलीकडची सर्वांत महत्त्वाची भर म्हणजे २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आलेला संपूर्ण मजकुराचा शोध. यात संगणक हस्तलिखित वाचतो आणि कागदाच्या पोटातला कोणताही शब्द शोधता येतो. माणसाने केलेल्या सूचीत दस्तऐवजाचे मुख्य पक्षकार येतात: जमीन विकणारा, घेणारा, मृत्युपत्र करणारा. साक्षीदार, चाकर, कुळ, कर्जदार हे सूचीबाहेर राहतात, आणि आपला माणूस याच रांगेत उभा असतो. या सोयीची सुरुवात अमेरिकेतील जमिनीच्या व वारसाहक्काच्या कागदांपासून आणि मेक्सिकोतील नोटरींच्या दस्तऐवजांपासून झाली. अमेरिकेतील गुलामगिरीत राबलेल्या माणसांच्या वंशजांना तिचा होणारा उपयोग मोठा आहे. १८५० आणि १८६० च्या तिथल्या जनगणनेत गुलामांच्या स्वतंत्र तक्त्यांत बहुधा नावे नाहीत, केवळ वय, लिंग आणि वर्ण. नावे आहेत ती मालकांच्या मृत्युपत्रांत, खरेदीखतांत आणि मालमत्तेच्या याद्यांत, आणि तिथवर पोहोचण्यासाठी पूर्वी मालकाचे नाव आधी ठाऊक असावे लागे. संगणकाचे वाचन चुकते, म्हणून नावाची निरनिराळी रूपे, मालकाचे आडनाव, शेताचे किंवा गिरणीचे नाव असे शब्द पालटून पाहावेत. सर्व देशांच्या नोंदी अजून यात आलेल्या नाहीत, तरी या दिशेने होणारे काम मला मनापासून स्वागतार्ह वाटते.

सामाईक वंशवृक्षाविषयी मात्र मी सावधगिरीचा सल्ला देईन. फॅमिलीसर्चवर सर्वांचा मिळून एकच वृक्ष आहे आणि मृत व्यक्तीच्या नोंदीत कोणीही नोंदणीकृत सदस्य बदल करू शकतो. कल्पना उदात्त आहे. दूरच्या नातलगाने जोडलेले छायाचित्र किंवा दाखला अनपेक्षितपणे हाती लागतो. पण कष्टकरी कुटुंबांत पिढ्यानपिढ्या तीच पाच-सहा नावे फिरत असत, आणि तान्हेपणी गेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देण्याची पद्धतही होती. त्यामुळे १८२० मध्ये बाप्तिस्मा झालेला मुलगा आणि १८५१ च्या जनगणनेतला मजूर एकच, असे मानून दोन वेगळी आयुष्ये एकत्र शिवली जातात. पॅरिशच्या दफनाच्या नोंदीत तो मुलगा दोन वर्षांचा असतानाच गेलेला असू शकतो. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद सापडली की पुढील काही वर्षांच्या दफननोंदी वाचल्याशिवाय ती आपली मानू नये, आणि वृक्षात ज्या नात्यापुढे कोणताही मूळ कागद जोडलेला नाही ते नाते सूचना म्हणूनच धरावे. दोन बाबी आणखी. हयात व्यक्तींची माहिती इतरांना दिसत नाही. आणि ही सेवा चालवणाऱ्या चर्चच्या श्रद्धेनुसार त्यांचे अनुयायी आपल्या मृत पूर्वजांच्या नावे धार्मिक विधी करतात. ज्याला हे मान्य नसेल त्याने वृक्षात भर न घालता नुसत्या नोंदी वाचल्या तरी सेवेचा बहुतेक लाभ मिळतो.

फॅमिलीसर्च जिथे संपते तिथून पुढच्या वाटाही सांगणे या परीक्षणाचा भाग आहे, कारण सर्व काही एकाच ठिकाणी मिळेल ही अपेक्षा चुकीची ठरेल. इंग्लंड-वेल्समधील १ जुलै १८३७ नंतरचे जन्म आणि मृत्यूचे दाखले सरकारी नोंदणी कार्यालयाकडून शुल्क भरून घ्यावे लागतात. मृत्यूच्या दाखल्यावर कारण असते, आणि खाणकामगाराच्या किंवा विणकराच्या बाबतीत ते कारण त्याच्या कामाविषयी बरेच सांगते. त्या कार्यालयाच्या सूचीत जन्मनोंदीसोबत आईचे माहेरचे आडनाव मिळते आणि ती सूची पाहायला पैसे लागत नाहीत. कामगार संघटनांची कागदपत्रे वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये मोठ्या प्रमाणावर आहेत. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील १६७४ ते १९१३ या काळातील खटल्यांचे वृत्तान्त मोफत वाचता येतात. आरोपीइतकेच त्यातले साक्षीदार महत्त्वाचे, कारण मोलकरणी, हमाल आणि फेरीवाले तिथे आपला दिनक्रम सांगतात. पहिल्या महायुद्धात लढलेल्या शिपायांच्या सेवानोंदींपैकी मोठा हिस्सा १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाला, तेव्हा तिथे शोध निष्फळ ठरला तर निराश होऊ नये.

ज्याला आठवडाभरात दहा पिढ्यांचा सुबक वृक्ष भिंतीवर लावायचा आहे त्याच्यासाठी ही सेवा मी सुचवणार नाही. एकाच माणसावर, त्याच्या गावावर आणि त्याच्या कामावर चिकाटीने बसण्याची ज्याची तयारी आहे त्याने मात्र इथूनच सुरुवात करावी आणि सशुल्क वर्गणीचा विचार नंतर करावा. मोफत सूचीतून कोणते वर्ष आणि कोणती काउंटी हवी हे नक्की झाले की एखाद्या महिन्याची वर्गणीही पुरते. इंग्रजी हस्ताक्षर वाचण्याचा सराव नसेल तर आधी छापील रकाने असलेल्या १८३७ नंतरच्या नोंदी वाचाव्यात आणि मग मागे सरकावे. पान सापडताच ते उतरवून घ्यावे, आणि त्यासोबत फितीचा क्रमांक, चित्राचा क्रमांक, पॅरिशचे नाव आणि मूळ नोंदवही ज्या दफ्तरखान्यात आहे त्याचे नाव लिहून ठेवावे, कारण आज घरबसल्या उघडणारे चित्र करार बदलल्यावर केंद्रावरच उघडेल अशी शक्यता नेहमीच असते.